उल्हास खोऱ्यातील जलप्रतिमाने व पुराचा अंदाज : बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या संदर्भात

प्रस्तावना

उल्हास नदी राजमाची परिसरातील डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण या मार्गाने वसईच्या खाडीस मिळते. बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर ही तिन्ही शहरे याच खोऱ्यात वसलेली आहेत. २६ जुलै २००५ रोजी येथे महापूर आला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा पुरांचा अंदाज शास्त्रीय पद्धतीने कसा बांधला जातो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. जलप्रतिमानाचे स्वरूप

जलप्रतिमान म्हणजे पावसाच्या पाण्याचा गणिती हिशेब होय. पडलेल्या पावसापैकी काही पाणी जमिनीत मुरते, काहीचे बाष्पीभवन होते व उरलेले पृष्ठभागावरून वाहते. या वाहत्या पाण्यास अपधाव म्हणतात. प्रतिमानाच्या पहिल्या भागात अपधाव काढला जातो. ते पाणी पात्रात केव्हा व किती उंचीपर्यंत चढेल, हे दुसऱ्या भागात ठरते. यातील गुणांक पूर्वीच्या पुरांच्या नोंदींशी ताडून निश्चित केले जातात. उद्याचे खोरे कालच्यासारखेच वागेल, हे या पद्धतीतील मूळ गृहीतक आहे. पर्यावरणीय बदलामुळे नेमके तेच डळमळीत झाले आहे.

२. बदललेली जमीन

एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर ताशी ५० मि.मी. पाऊस पडत आहे असे मानू. माळरानावर अपधाव गुणांक ०.३ धरल्यास महत्तम विसर्ग सेकंदाला सुमारे ४ घनमीटर येतो. तेथेच इमारती व काँक्रीटचे रस्ते झाल्यावर गुणांक ०.८ होतो आणि विसर्ग सुमारे ११ घनमीटरवर जातो. पाऊस तोच, परंतु पाणी पावणेतीनपट. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, ती २०११ मध्ये १ लाख ७४ हजार झाली. अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीसारख्या लहान नदीवर अशा वाढीचा परिणाम अधिक तीव्र असतो, कारण तिच्या पाणलोटाचा मोठा भाग शहरानेच व्यापलेला आहे.

३. बदललेला पाऊस आणि पूररेषा

तापमान एक अंशाने वाढल्यास हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे अल्पावधीत अतिवृष्टी होण्याची शक्यता बळावते. महाराष्ट्रात निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा व लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर आधारलेली असते. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ एक पूर आला की पुढील शंभर वर्षे निर्धास्त, असा नव्हे. दरवर्षी त्याची शक्यता एक टक्का असते. लाल रेषेवर घर घेणाऱ्या कुटुंबास पुढील ३० वर्षांत असा पूर किमान एकदा अनुभवावा लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, तर निळ्या रेषेवर २५ वर्षांच्या पुराची शक्यता सुमारे ७१ टक्के असते. पाऊस आणि जमीन बदलल्यास हे आकडेही वाढतात.

४. मानवनिर्मित प्रवाह

उन्हाळ्यातील उल्हास ही पूर्णतः नैसर्गिक नदी नाही. भीमा खोऱ्यातील आंध्रा जलाशयाचे पाणी टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून १९२२ पासून या नदीत येते. औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाचे पाणीही खोऱ्यातील शहरांना व उद्योगांना पुरवले जाते. म्हणून टंचाईच्या अंदाजासाठी केवळ पर्जन्यमान पुरेसे नाही. वीजकेंद्राचा विसर्ग आणि धरणांचे नियमनही प्रतिमानात घ्यावे लागते.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पूररेषा ही कायमची सीमा न मानता ठरावीक कालावधीने पुन्हा आखली पाहिजे. दुसरी, कर्जतपासून वरच्या खोऱ्यातील पाऊस व पाणीपातळीच्या नोंदी तत्काळ खालच्या शहरांना मिळाल्या पाहिजेत, कारण घाटातील पाऊस बदलापूरला पोहोचण्यास लागणारा अवधी हाच सावध होण्याचा अवधी आहे. तिसरी, अंदाज एकाच आकड्यात न देता शक्यतेच्या मर्यादांसह दिला पाहिजे. प्रतिमान पूर थांबवू शकत नाही; परंतु घर कोठे बांधावे आणि ते केव्हा सोडावे, हे वेळेवर सांगू शकते. त्यासाठी त्याचे निष्कर्ष नदीकाठच्या नागरिकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचणे आवश्यक आहे.