फराळाच्या हिशोबात तासही धरावेत

मंडळाच्या महिला शाखेचा दिवाळी फराळ इंदूरमध्ये हातोहात खपतो. गेल्या वर्षी हिशोब मांडताना आम्ही डाळ, तेल, गॅस, पिशव्या सगळे धरले. चकल्या पाडणाऱ्यांचे तास मात्र ‘सेवा’ म्हणून सोडून दिले. नफा दिसला तो त्यामुळेच!

यंदा लिज्जतचा दाखला समोर ठेवला आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. देणगी घ्यायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेले. तिथली रीत अशी: मळलेले पीठ घरी न्यायचे, सवडीने लाटायचे, वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी केंद्रावर द्यायचे आणि लाटण्याची मजुरी घ्यायची. लाटणारी प्रत्येक ‘बहीण’ संस्थेची मालकीण. पुरुष पगारावर असतात, मालक होत नाहीत. नफ्यात जसा सगळ्यांचा वाटा, तसा तोट्यातही.

मात्र घरी केलेले काम सोयीचे असले, तरी ते दिवसभर पाठ सोडत नाही. स्वयंपाक, मुले, पाहुणे, वर लाटणे. म्हणून आमचे तळण मंडळाच्याच स्वयंपाकघरात, दुपारी दोन ते पाच. तासांची नोंद वहीत होईल, नव्या सुनेची आणि अध्यक्षीणबाईंचीही, एकाच दराने.

मजुरी धरली की चकली महागणार. किती, ते रविवारच्या बैठकीत सगळ्याजणी मिळून ठरवू. गेल्या वर्षी कोण किती तास बसले होते, ते आठवून यावे.