हस्ताक्षराचा झाला माल : मार्सेच्या 'मिस्त्राल' टाइपची कहाणी

दुकानाचा बोर्ड, हॉटेलचे मेनूकार्ड, अत्तराच्या डबीवरचे नाव यांवर ब्रशने झरझर लिहिल्यासारखी इंग्रजी अक्षरे वाचकांनी पाहिली असतील. पाहणाऱ्याला वाटते, कुणा पेंटरचा हात फिरला आहे. कित्येकदा तो संगणकातला तयार टाइप असतो. अशा टाइपांत 'मिस्त्राल'चे नाव मोठे.

फ्रान्समधील मार्से या बंदराच्या शहरात फोंदरी ओलिव्ह नावाची टाइप फाउंड्री होती. पॅरिसच्या बड्या फाउंड्रीशी तिची स्पर्धा. १९५३ साली तिने हा टाइप बाजारात आणला. त्याचे कर्ते रोजे एक्सकोफों (१९१०-१९८३) यांनी त्यासाठी स्वतःचेच हस्ताक्षर नमुना म्हणून घेतले. नाव दिले दक्षिण फ्रान्समध्ये सुटणाऱ्या थंड, जोरकस वाऱ्याचे.

यातली व्यापारी नजर पाहण्यासारखी आहे. जाहिरातीत हाताचे अक्षर हवे असेल तर चित्रकाराकडून ते काढून घ्यायचे आणि त्याचा ब्लॉक करायचा. मजकूर बदलला की खर्च पुन्हा! तेच अक्षर खिळ्यांत मिळाले तर कुठलाही छापखाना हवे ते नाव जुळवून देऊ शकतो.

परंतु खिळा म्हणजे शिशाचा चौकोनी तुकडा. हस्ताक्षरातली रेघ मात्र एका अक्षरातून दुसऱ्यात वाहत जाते. कोणत्या अक्षराशेजारी कोणते येईल, हे आधी कुणाला ठाऊक? एक्सकोफों यांनी लहान अक्षरांच्या रेघा अशा बेताने बसवल्या, की शेजारी कोणीही आले तरी सांधा जुळावा. कडा मुद्दाम खडबडीत ठेवल्या. आपल्याकडच्या जुन्या जुळाऱ्यांना ही डोकेदुखी सांगायला नको. झिजलेल्या खिळ्यांमुळे देवनागरीची शिरोरेषा मध्येच तुटलेली त्यांनी रोज पाहिली आहे.

शिशाचे दिवस सरले. १९७८ मध्ये ओलिव्हचा माल स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीकडे गेला. 'मिस्त्राल' मात्र टिकला. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर तो घरोघरच्या संगणकांत पोहोचला, आणि २०११ च्या 'ड्राइव्ह' या इंग्रजी चित्रपटाची श्रेयनामावली त्यातच आहे.

सहज हाती लागल्यामुळे त्याचा गैरवापरही फार. बोर्ड करून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. सगळे नाव कॅपिटल अक्षरांत टाकू नये, कारण कॅपिटल एकमेकांना जोडली जात नाहीत आणि गिऱ्हाईक अडखळते. अक्षरांमधले अंतर ताणून नाव बोर्डभर पसरवू नये. सांधे उखडतात, मग हस्ताक्षराचा भास उरतच नाही. दुकानाचे नाव यात शोभते, पत्ता आणि फोन नंबर नव्हे. ते साध्या ठळक टाइपात द्यावेत. आणि पैसे चुकते करण्यापूर्वी नमुना रस्त्याच्या पलीकडे उभे राहून एकदा वाचून पाहावा. ऑपरेटरच्या पडद्यावर सगळेच सुंदर दिसते.