स्मृतिभ्रंशातील संताप : औषधाआधी कारण शोधा

स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांनी आंघोळ घालणाऱ्या मुलावर हात उगारला किंवा आईने सुनेवर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला, की घरात जुने हेवेदावे आठवू लागतात. प्रत्यक्षात हे वागणे आजाराचाच भाग आहे. ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झाली. तिच्यातला पहिला ठळक बदल होता नवऱ्यावरचा संशय. विसराळूपणा त्यानंतर वाढला. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये तिच्याविषयी व्याख्यान दिले आणि आजाराला पुढे त्यांचेच नाव मिळाले. लोकांच्या मनात मात्र तो केवळ विसरण्याचा आजार म्हणून राहिला.

संतापाचा उलगडा होण्यासाठी मेंदूतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांच्याकडे वळावे लागते. त्यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी फ्रँकफुर्टमध्येच संस्था उभारली. एखाद्या सैनिकाला ते साधे गणित घालत. सुटले तर तो शांत आणि हसतमुख राही. अडले, की चेहऱ्याचा रंग उडे, हात चाचपडू लागत, तो चिडून अंगावर येई. मग काही काळ एरवी जमणारी कामेही त्याला जमत नसत. आपल्याला हे येत नाही, या जाणिवेने सारा माणूसच कोसळतो, असा अर्थ गोल्डस्टाइन यांनी लावला. त्यांचे आणखी एक निरीक्षण विलक्षण आहे. हे सैनिक आपल्या वस्तू कमालीच्या काटेकोरपणे ठरलेल्या जागी ठेवत, कारण त्यामुळे अडण्याचे प्रसंग टळत. नाझींनी १९३३ मध्ये या ज्यू वैद्याला अटक केली. देश सोडावा लागल्यावर त्यांनी ॲमस्टरडॅममध्ये हे सारे विवेचन पुस्तकरूपाने लिहिले. ते १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्मृतिभ्रंशातही असेच घडते, शिवाय भावनांना आवर घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग दुबळा झालेला असतो. मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर भागातल्या घरांत अशा प्रसंगांची कारणे रोजच्या व्यवहारातच सापडतात. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची गोटमार ही दगडफेकीची जत्रा या काळात गावात गर्दी उसळते, घरी पाहुणे येतात, जेवणाझोपेच्या वेळा बदलतात. रुग्णाला त्या दिवसांत आतल्या शांत खोलीत, ओळखीच्या माणसासोबत ठेवणे बरे. भाषेचाही प्रश्न असतो. घरात मराठी आणि दवाखान्यात हिंदी अशी इथली रीत आहे. अनेक द्विभाषक रुग्णांत नंतर शिकलेली भाषा आधी निसटते; त्यामुळे तपासणीचे प्रश्न घरच्या माणसाने घरच्या बोलीत पुन्हा विचारावेत. आंघोळीच्या वेळी डोक्यावर अचानक पाणी पडले, की ते हल्ल्यासारखे वाटते. अंगावर पंचा राहू द्यावा, पायांपासून सुरुवात करावी, तांब्या रुग्णाच्याच हाती द्यावा.

न सांगता येणारे दुखणे हे दुर्लक्षित पण मोठे कारण आहे. नॉर्वेत १८ शुश्रूषागृहांतील ३५२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे पद्धतशीर वेदनाशामके दिल्यावर रुग्णांची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली, आणि त्यातल्या बहुतेकांना मिळालेले औषध साधे पॅरासिटामॉल होते! दाढ, गुडघे, तुंबलेले पोट, लघवीची जळजळ हे सारे आधी तपासून घ्यायला हवे.

काल बरा असलेला माणूस आज एकाएकी आक्रमक झाला, तर ती तातडीची बाब समजावी. जंतुसंसर्ग, उन्हाळ्यातली पाण्याची कमतरता, सोडियम घटणे किंवा नवी औषधे यांमुळे मेंदू असा अचानक बिघडतो. सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमानाला मनोविकाराच्या रुग्णांना घेऊन जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. दर्शनाला कुणाची हरकत नसावी, पण अशा वेळी आधी दवाखाना गाठलाच पाहिजे.

शांत करणाऱ्या गोळ्यांविषयी मात्र सावध राहावे. मनोविकारविरोधी औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १.६ ते १.७ पट होते, असे १७ चाचण्या पाहून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्ये बजावले. ब्रेक्सपिप्राझोल या अशाच औषधाला तिथे २०२३ मध्ये अल्झायमरमधल्या अस्वस्थतेसाठी मंजुरी मिळाली आणि त्याचा गाजावाजा झाला. त्याचा गुण मर्यादित आहे आणि तोच इशारा त्यालाही लागू आहे. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात अशी औषधे जिवावर बेतू शकतात. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या मात्रेत, थोडे दिवस द्यावी लागतात. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ती कधीही आणू नयेत.

प्रत्यक्ष भडका उडाला असता वाद घालू नये, हात धरू नये, वाट अडवू नये. दोन पावले मागे व्हावे, बाजूने हळू बोलावे, काही मिनिटांनी दुसऱ्याच विषयाने सुरुवात करावी. संत्राबागा असलेल्या घरांत विळे, कुऱ्हाडी आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. काय घडले, त्याआधी काय झाले, किती वाजले होते, याची वहीत नोंद ठेवल्यास आठ-पंधरा दिवसांत कारण बहुधा दिसू लागते. ती वही डॉक्टरांना जरूर दाखवावी. सांभाळणारा माणूस एकटा पडू नये म्हणून घरच्यांनी पाळ्या लावाव्यात. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते.