लघवी कशी गोळा केली, ते आधी सांगा
तान्हेपणाचे आजार : लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात सर्दी-खोकल्याबरोबर येणाऱ्या तापाबद्दल आपण बोललो. आज नुसत्या तापाबद्दल. नाक वाहत नाही, खोकला नाही, कान-घसा ठीक, छाती स्वच्छ. आणि तरी सात-आठ महिन्यांचं बाळ 102 फॅरनहाइटला तापलंय. दूध धड ओढत नाही, एकदोनदा ओकलंय, चिडचिड करतंय. घरात निदान तयारच असतं : दात येतायत. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, अंग किंचित कोमटही लागतं. पण एवढा चढलेला ताप दातांच्या नावावर खपवू नये.

दोन वर्षांखालच्या, तापाचं दुसरं कारण सापडत नाही अशा शंभर बाळांत साधारण सात जणांना युरीन इन्फेक्शन निघतं. मोठं माणूस जळजळ होतेय म्हणून सांगतं. बाळ सांगणार कसं? त्याच्याकडे ताप, ओकारी आणि रडणं एवढीच भाषा. नवजात बाळात तर कधी तापही नसतो. कावीळ रेंगाळते, वजन वाढत नाही, एवढाच सुगावा. पहिल्या काही महिन्यांत हा आजार मुलग्यांत जास्त दिसतो, पुढे मुलींत. लघवीला उग्र वास येतो म्हणून धावत येणारे पालक खूप भेटतात, पण वासावरून काही ठरत नाही.

ठरतं ते तपासणीवरून, आणि घोळ होतो तो तपासणीच्या आधीच. बाळाला ‘आता कर’ म्हणता येत नाही. मग सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे चिकटपट्टीची प्लास्टिक पिशवी. शूच्या जागेभोवती ती चिकटवायची आणि वाट बघायची. तासभर काही होत नाही. मग बाळ शी करतं, पट्टी एका बाजूने सुटते, आई ती पुन्हा दाबून बसवते, आणि अखेर जमलेले दोन-चार चमचे लॅबमध्ये जातात. त्या लघवीने वाटेत मांडीची, लंगोटाखालची कातडी धुतलेली असते. गंमत अशी की, बाळांत या आजाराला बहुतेक वेळा कारणीभूत असणारा ई. कोलाय हा जंतू मूळचा आतड्यातलाच. त्या कातडीवर तो असतोच. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या तपासणीत, तोच उगवला, तर तो मूत्राशयातला की मांडीवरचा, हे लॅबने कसं ओळखावं?

हिशेबच करा. तापाची शंभर बाळं, त्यांतली सात खरी आजारी. उरलेल्या त्र्याण्णवांपैकी फक्त पाव जणांच्या पिशवीत बाहेरचे जंतू शिरले असं धरलं, तरी तेवीस खोटे रिपोर्ट तयार झाले. म्हणजे खऱ्याच्या तिप्पट. प्रत्येकामागे अँटिबायोटिक, सोनोग्राफी आणि धास्तावलेलं घर. पिशवी अगदी निरुपयोगी आहे असं मात्र नाही. तिच्यातली लघवी स्वच्छ निघाली तर इन्फेक्शन असण्याची शक्यता बरीच कमी होते. दोष निघाला, तर त्याच पिशवीवर कल्चर न करता नमुना नव्याने घ्यावा.

नव्याने म्हणजे कसा? बाळ स्थिर असेल तर जागा धुऊन, निर्जंतुक डबी हातात धरून धार झेलायची. त्यासाठी युक्त्या आहेत. मेलबर्नच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये एक प्रसिद्ध केली : थंड सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज ओटीपोटावर गोलगोल फिरवायचं. पाच मिनिटांत 31 टक्के बाळांनी लघवी केली. नुसती वाट पाहिली तेव्हा 12 टक्क्यांनी. घाई असेल, बाळ फार आजारी असेल, तर बारीक नळी घालून थेट मूत्राशयातून नमुना घेतात. नळी म्हटलं की आजी-आजोबांचा चेहरा उतरतो. पण बाळ मिनिटभर रडतं आणि विसरतं. खोट्या रिपोर्टवरची औषधं आठवडाभर चालतात.

आता रिपोर्ट. त्यातल्या ‘पस सेल्स’ म्हणजे पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात पाचाहून जास्त दिसल्या तर संशय घ्यायचा. पण त्या दुसऱ्या तापांतही वाढतात. लघवीत बुडवायच्या चाचणीपट्टीवरची नायट्राइटची चाचणी पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्कं. निगेटिव्ह आली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. जंतूंना नायट्राइट तयार करायला लघवी मूत्राशयात चारेक तास मुरावी लागते, आणि तान्ही बाळं तेवढी सवड देत नाहीत.

शेवटचा शब्द कल्चरचा, आणि त्याला एक-दोन दिवस लागतात. ‘एक मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू’ ही जुनी मर्यादा 1950च्या दशकात अमेरिकेत डॉ. एडवर्ड कॅस यांनी प्रौढ स्त्रियांच्या लघवीवरून ठरवली होती. बाळांना ती जशीच्या तशी लावणं बरोबर नव्हतं. अमेरिकन बालरोग अकादमीने 2011 मध्ये दोन महिने ते दोन वर्षं या वयासाठी, नळीने किंवा सुईने घेतलेल्या नमुन्यात 50 हजार ही मर्यादा धरली, आणि लघवीत दाहाच्या किंवा जंतूंच्या खुणा दिसल्याच पाहिजेत अशी अटही घातली. रिपोर्टात दोन-तीन प्रकारचे जंतू एकत्र लिहिलेले असतील तर बहुधा नमुनाच बिघडलेला असतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते घरात उरलेलं अँटिबायोटिक. मागच्या वेळचं सिरप फ्रिजमध्ये असतं, दोन डोस दिले जातात आणि मग लघवी तपासायला जाते. कल्चर कोरं येतं, ताप मात्र असतोच, आणि कुठला जंतू होता हे नंतर कुणालाच कळत नाही. नमुना आधी, औषध नंतर. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. उन्हात गाडीच्या डिकीत फिरलेल्या डबीत जंतू वाढत राहतात. डबीबरोबरच्या चिठ्ठीवर लघवी पिशवीची, धारेची की नळीची, हे लिहायला सांगा. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, ताप 100.4 किंवा त्याहून जास्त असेल, तर यातलं काहीच घरी करत बसू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जा.

पुढच्या आठवड्यात : निदान पक्कं झाल्यावर सोनोग्राफी कुणाला, एमसीयू (लघवी करतानाचा मूत्राशयाचा एक्स-रे) कुणाला आणि कुणाला काहीच नाही.