समाज शिकवताना – लेखांक ५ : तिसरीनंतर हरवणारा जिल्हा

इतिहास-नागरिकशास्त्र म्हणजे पाठांतर, ही समजूत मुले घरून घेऊन येत नाहीत. ती शाळेत तयार होते. त्याचे खापर नेहमी शिक्षकांवर फुटते. मला मुख्य दोष अभ्यासक्रमाच्या क्रमात दिसतो. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्यासाठी वेगळे काढले, हे फार चांगले केले. पण आठ वर्षांच्या मुलाला तालुक्यांची आणि नद्यांची नावे विचारण्यापलीकडे फारसे जाता येत नाही. कारणे शोधण्याचे, पुरावा तपासण्याचे वय येते सहावीनंतर. तेव्हा मात्र सगळ्या राज्याला एकच पुस्तक असते आणि स्वतःचा जिल्हा त्यातून जवळजवळ नाहीसा होतो.

केडगावचेच पाहा. पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेच्या देवळासाठी ओळखले जाणारे हे गाव आता अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) महापालिकेत आहे. सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासनाचे धडे वेगवेगळे आहेत. गाव शहरात गेल्यावर काय बदलते, हे मात्र इथल्या मुलांना घरच्या मोठ्यांनाच विचारता येईल. डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची दोन वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नगरसेवक पाच वर्षांसाठी निवडून येतात, हे त्या काळात सहावीतल्या मुलांनी पाठ केले. प्रभागात नगरसेवकच नव्हता. निवडणुका का लांबल्या, आरक्षणाचा वाद न्यायालयात का गेला, सभागृह नसताना अंदाजपत्रक कोण मंजूर करते, हे प्रश्न धड्याबाहेरचे मानले गेले, तर त्या धड्याचा उपयोग तरी काय?

इतिहासाचीही तीच गत. दहावीचे पुस्तक इतिहासलेखनाच्या परंपरांपासून सुरू होते आणि उपयोजित इतिहासाकडे जाते. ही मांडणी खरोखर चांगली आहे; पण परीक्षेत तिच्या ‘टिपा लिहा’ होतात. नगरजवळच्या डोंगरावरची अष्टकोनी वास्तू सगळे जण चांदबिबीचा महाल म्हणून ओळखतात. ती प्रत्यक्षात मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. लोक एक सांगतात आणि पुरावा दुसरेच सांगतो, तेव्हा इतिहासकार निर्णय कसा करतो, हे शिकवायला याहून चांगले साधन नगरच्या शिक्षकाला कुठे मिळेल?

यावर एक आक्षेप हमखास येतो: अशाने मुले आपल्या जिल्ह्यापुरतीच पाहतील. नगरचा भुईकोट किल्ला त्याला पुरेसे उत्तर देतो. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने तो मोगलांविरुद्ध लढवला, ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तो शिंद्यांकडून घेतला, १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद तिथे कैदेत होते. या एका जागेवरून दख्खन, दिल्ली आणि लंडन तिन्ही दिसतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. निजामशाही, नामांतर असे विषय काढले की पालक चिडतील, वाद होईल, अशी भीती शिक्षकांना वाटते. ती खोटी नाही. पण वर्गात गप्प राहिल्याने विषय मिटत नाही. मुलांना तो मोबाइलवर मिळतोच, तोही पुराव्याविना. १४९० मध्ये शहर वसवणारा अहमद निजामशहा आणि १७२५ मध्ये चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाई, दोघांबद्दलची साधने वर्गात समोर ठेवली, तर निदान बोलणे साधनांवर होते. शिक्षकाला एकटे सोडून हे होणार नाही. मुख्याध्यापकाने आणि शिक्षण विभागाने त्याच्या पाठीशी उभे राहायला हवे.

वेळ नाही, ही तक्रार मला सर्वांत खरी वाटते. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, माहिती भरणे यांत शिक्षकाचे तास जातात. म्हणून मागणी लहान ठेवावी. दहावीला सामाजिक शास्त्रांच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्यांतले निम्मे तरी आपल्या प्रभागातल्या किंवा तालुक्यातल्या एका प्रश्नावरच्या लेखी कामाला द्यावेत. हिवरेबाजारचा पाण्याचा ताळेबंद किंवा मुळा धरणातून शहराला येणारे पाणी असे विषय सहज मिळतील. हे काम तपासायचे कसे आणि नक्कल कशी टाळायची, ते पुढच्या आठवड्यात पाहू.