थ्री-नॉट-थ्री : चालवावी, चकाकवावी की जपावी?

फुलंब्री हे छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचे गाव. तेथे शिक्षकांच्या एका बैठकीत मी धातूंच्या गंजण्याविषयी बोललो. बोलणे संपल्यावर शाळेतील राष्ट्रीय छात्रसेनेचे काम पाहणाऱ्या एका सरांनी प्रश्न विचारला. त्यांच्या छात्रांना कवायतीसाठी जुनी .३०३ रायफल मिळते. तिच्यावर 'डीपी' म्हणजे 'फक्त कवायतीसाठी' अशी अक्षरे ठोकलेली आहेत, नळीच्या मागच्या भागात आडवे भोक पाडलेले आहे आणि आतली फायरिंग पिन काढून टाकलेली आहे. गावातले एक निवृत्त जवान त्यांना म्हणत होते, "सर, नळी आतून आरशासारखी आहे. एवढं भोक वेल्डिंगनं बुजवलं की झालं की! पोरांना एकदा तरी खरा बार काढू द्या." सरांचा स्वतःचा विचार वेगळा होता. निदान गंज घासून, पॉलिश करून ती नव्यासारखी करावी असे त्यांना वाटत होते.

मी तेथल्या तेथे "दोन्ही नको" एवढेच सांगितले. कायद्याचे कारण तर सरळच आहे. ही रायफल शासनाची असते आणि बंदुकीची नुसती दुरुस्ती करायलाही १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो. परंतु कायदा नसता तरी माझे उत्तर तेच राहिले असते. त्यामागचे विज्ञान नववी-दहावीच्या पुस्तकाच्या फारसे पलीकडचे नाही.

प्रथम बार उडतो तेव्हा काय होते ते पाहू. .३०३ च्या नेहमीच्या लष्करी काडतुसातील गोळी सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची असते आणि ती सेकंदाला ७४४ मीटर वेगाने बाहेर पडते. गतिज ऊर्जेच्या सूत्रात हे आकडे घातले की उत्तर येते सुमारे ३,१०० ज्यूल. पन्नास किलो वजनाच्या मुलाला दोन मजले वर उचलून ठेवायला एवढीच ऊर्जा लागते. येथे मात्र ती दीड-दोन सहस्रांश सेकंदात द्यायची असते. त्यासाठी काडतुसाच्या कोठीत हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब निर्माण होतो. काडतुसाचा बूड जेमतेम एका सेंटिमीटरचा, तरीही त्या दाबाने मागच्या बोल्टवर येणारे बल दोन टन वजनाच्या वर जाते. बोल्टच्या मागे वीतभर अंतरावर नेमबाजाचा डोळा असतो.

या रायफलीचा बोल्ट जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेचा आहे. बहुतेक मॉझर पद्धतीच्या रायफलींत बोल्टला अडकवणारे खांदे पुढे, काडतुसाला लागून असतात. लीच्या रचनेत ते मागे असतात. त्यामुळे बोल्ट झपाझप मागे-पुढे होतो, आणि ही रायफल तिच्या वेगासाठी प्रसिद्ध झाली ती यामुळेच. पण त्याची किंमतही आहे. बल तेच असताना ताणली जाणारी लांबी जास्त असली की वाढही जास्त होते. हूकचा नियम शिकवताना वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे. प्रत्येक बाराला बोल्ट किंचित दबतो, त्याच्याभोवतीचे पोलाद किंचित ताणले जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. हजारो बारांनंतर मात्र खांद्यांची झीज साठत जाते आणि बोल्ट व नळी यांच्यातील फट वाढते.

या फटीला हेडस्पेस म्हणतात. .३०३ साठी तिची लष्करी मर्यादा सुमारे १.६३ ते १.८८ मिलिमीटर आहे. चांगली आणि टाकाऊ रायफल यांच्यातील फरक एवढाच, म्हणजे पाव मिलिमीटर. दाढीच्या ब्लेडची अडीच पाती एकावर एक ठेवा, तेवढीच जाडी होईल. फट यापेक्षा वाढली तर काडतूस मागे ढकलले जाते, बुडाजवळ पितळ ताणून फाटते आणि तप्त वायू मागे उसळतात. नळीत डोकावून यातले काहीच कळत नाही. ते कळते फक्त मापकाने, म्हणजे गेजने. शिवाय जुन्या रायफलींत बोल्टची अदलाबदल झालेली असते. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा क्रमांक जुळत नसेल तर मूळ मोजमापाला काही अर्थ उरत नाही.

भोक बुजवण्याचे तर विचारूच नये. विळ्याला पाणी देणारा लोहार जे जाणतो तेच येथे लागू आहे. पोलाद सव्वासातशे अंश सेल्सियसच्या पुढे तापले की त्याची स्फटिकरचना बदलते. मग ते झटकन थंड झाले तर ठिसूळ होते आणि सावकाश थंड झाले तर मऊ पडते. वेल्डिंगच्या टाक्याभोवती हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी घडतात, आणि तेही जेथे दाब सर्वाधिक त्याच जागी. कारखान्यात नवी रायफल मुद्दाम जास्त दाबाच्या काडतुसाने तपासत, एकदा कोरड्या आणि एकदा तेल लावलेल्या. तेलाने काडतुसाची कोठीच्या भिंतीवरची पकड सुटते आणि बोल्टवरचा भार वाढतो. घरी दुरुस्त केलेल्या रायफलीची अशी कसोटी घेणार कोण, आणि कोठे उभे राहून?

मग पोलिसांनी या रायफली इतकी वर्षे कशा वापरल्या, असे कोणी विचारील. त्या शस्त्रागारात गेजने तपासल्या जात, म्हणून. त्या निवृत्त झाल्या त्या निराळ्या कारणाने. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात .३०३ होत्या आणि समोर स्वयंचलित रायफली. दर बाराला बोल्ट ओढावा लागणारे शस्त्र तेथे अपुरे होते, मग ते कितीही सुस्थितीत असो. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात या रायफलीला निरोप दिला.

आता सरांच्या पॉलिशकडे वळू. गंज घासला की रायफल जपली जाते, हा समज अर्धाच खरा आहे. तांबडा गंज सच्छिद्र असतो, तो पाणी धरून ठेवतो आणि पुढे पुढे खात जातो. पोलादावरचा काळा थर हेही लोहाचे ऑक्साइडच, पण घट्ट बसणारे. तो खालच्या धातूचे रक्षण करतो आणि कारखान्यात मुद्दाम चढवलेला असतो. पॉलिश पेपरला हा भेद कळत नाही. तो दोन्ही काढतो, आणि त्यांबरोबर ठसेही. ईशापूरच्या रायफलीवर दस्त्याजवळच्या धातूवर वर्ष आणि चिन्हे असतात. स्वातंत्र्यापूर्वी तेथे मुकुट असे, नंतर अशोकस्तंभाचे सिंह आले. फुलंब्री परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्याआधीची की नंतरची रायफल आपल्या हातात आहे, हे ते ठसेच सांगतात.

येथे एक गमतीची गोष्ट. ठसा ठोकताना त्याच्या खालचे स्फटिकही चेपले जातात. म्हणून क्रमांक घासून टाकला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत योग्य आम्ल लावून तो कित्येकदा पुन्हा वाचता येतो, कारण चेपलेला धातू वेगळ्या गतीने विरघळतो. पण म्हणून घासावे असे नव्हे!

नळीच्या आतला शत्रू वेगळा. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडताच त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसे. हे आपल्या मिठाचे भावंडच. सापेक्ष आर्द्रता ८४-८५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी शोषून स्वतःच पाणी होते. आपल्याकडे पावसाळ्यात एवढी आर्द्रता नवलाची नाही. तेलात ते विरघळत नाही, म्हणून सैनिक आधी नळीतून कढत पाणी ओतत आणि मगच तेल लावत.

हे शाळेत दाखवता येते. तीन खिळे घासून स्वच्छ करा. दोन मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा. त्यातल्या एकाला तसेच तेल लावा, दुसरा गरम पाण्याने धुऊन, पुसून मग तेल लावा. तिसऱ्याला नुसतेच तेल. ओल्या कापसाच्या बरणीत तिन्ही टांगून आठवडाभर रोज निरीक्षणे लिहून ठेवा.

सरांना मी पुढे जे कळवले ते थोडक्यात असे. गेजशिवाय, परवान्याशिवाय बाराचा विचार सोडा, छात्रांच्या नेमबाजीसाठी.२२ ची रायफल असतेच. सैल गंज असेल तर युनिटला विचारून तेलाच्या फडक्याने हलकेच पुसा, काळ्या थराला हात लावू नका. दस्त्याच्या लाकडाला जवसाचे तेल अगदी पातळ लावा. ते हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होऊन लाकडात मुरते. करडईचे फार सावकाश वाळते आणि शेंगदाण्याचे चिकटच राहते. आणि काही करण्याआधी ठशांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवून घ्या, नाण्यावर मुले करतात तसे.

सरांनी मला तसा एक कागद पाठवला. वर 'डीपी', त्याखाली १९४३ आणि मुकुट. बाजूला आणखी एक छोटा ठसा आहे. तो त्यांच्या नववीच्या मुलांना लागला नाही, आणि मलाही नाही.