नायट्याचा साबण : वापर कसा करावा, भरवसा किती ठेवावा



कामानिमित्त जालन्याला गेलेला आपला माणूस मस्तगडाच्या बाजूने परत फिरतो तेव्हा त्याच्या पिशवीत बियाणे, पोरांच्या वह्या आणि पंपाचे वायसर यांच्या जोडीला हल्ली औषधी साबणाची एक वडीही असते. औषधाच्या दुकानात नुसते ‘खाजेचा साबण द्या’ म्हटले की वडी हातात पडते. डाग डॉक्टरला दाखवायला लाज वाटते, कारण तो बहुधा जांघेत असतो. मग घरातली सगळी त्याच वडीने अंघोळ करतात आणि महिन्याने आमच्याकडे तक्रार येते की, ‘साबण खोटा निघाला.’ साबण खोटा नसतो. त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवलेली असते, म्हणून आज या विषयावर चार गोष्टी सांगाव्या म्हणतो.

नायटा, म्हणजेच गजकर्ण, हा बुरशीचा रोग आहे. ही बुरशी कातडीच्या वरच्या मेलेल्या थरावर जगते आणि तिला ऊब व ओल लागते. रात्रपाळीला दारे धरणारा शेतकरी, बॉयलिंग हाऊसमध्ये पाळीभर घामाने भिजलेला कामगार, उसाच्या फडात ओल्या कपड्यांनिशी दिवस काढणारी तोडणीवाली बाई, या सगळ्यांच्या अंगावर तिला आयते घर मिळते. कमरेचा करदोडा आणि परकराची नाडी तर दिवसभर ओली राहते. डाग नेमका तिथूनच सुरू झालेला पुष्कळदा दिसतो.

आता साबणाकडे वळू. वेष्टनावर ‘जंतुनाशक’ लिहिलेला प्रत्येक साबण बुरशी मारतो असे नाही. बुरशीनाशक साबणात केटोकोनाझोलसारखे औषध असते आणि त्याचे नाव व प्रमाण वेष्टनावर छापलेले असते. ते वाचून घ्यावे, मुदतीची तारीखही पाहावी. हेच औषध गोळीच्या रूपाने पोटात घेतल्यास यकृताला इजा होऊ शकते, म्हणून २०१३ साली युरोप-अमेरिकेत त्या गोळीवर मोठे निर्बंध आले. साबणातून ते शरीरात तसे जात नाही, त्यामुळे घाबरायचे कारण नाही. पण जे आत जात नाही आणि पाच मिनिटांत धुऊन निघते, ते एकट्याने जुना नायटा कसा बरा करणार? साबण हा मलमाचा आणि गोळीचा मदतनीस आहे, हे पक्के ध्यानात धरा. पाठीवर, छातीवर येणाऱ्या शिब्यांना तो जास्त उपयोगी पडतो, कारण ती वेगळ्या जातीची बुरशी आहे. मात्र शिबे मेले तरी कातडीचा मूळ रंग परत यायला काही महिने जातात. तेवढ्यासाठी साबण घासत बसू नये. डोक्यातला नायटा आणि नखातली बुरशी यांवर तर साबणाचा इलाजच नाही, तिथे गोळ्याच लागतात.

वापरायची रीत अशी. अंग ओले करून हाताने फेस काढावा, तो डागावर आणि डागाच्या कडेबाहेर दोन बोटे लावावा. मग तीन ते पाच मिनिटे, किंवा वेष्टनावर लिहिले असेल तितका वेळ, थांबावे. आपल्याकडे चूक होते ती इथेच. वडी फिरवली की लगेच तांब्या ओतला, तर औषधाला काम करायला वेळ मिळतच नाही. उलट काहीजण फेस अंगावर वाळवून तसेच झोपतात, तेही वाईट. साबण खारट जातीचा असल्याने कातडी कोरडी पडते, आग होते. वेळ झाली की भरपूर पाण्याने धुवावे, जांघ व बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि मगच डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. दिवसातून एकदा पुरे. वज्रीने किंवा काथ्याने डाग घासू नये. फुटलेल्या, चिघळलेल्या कातडीवर आणि डोळ्यांजवळ हा साबण लावू नये. तान्ह्या मुलाला किंवा गरोदर बाईला विचारल्याशिवाय वापरायला देऊ नये. आग, सूज, पुरळ आले तर बंद करावा. बिब्बा आणि रॉकेल लावून कातडी भाजून घेणाऱ्यांना तर काय म्हणावे!

साबणापेक्षा मोठा धोका मात्र त्याच्यासोबत घेतल्या जाणाऱ्या ट्यूबचा आहे. आमच्या ओळखीच्या एका सभासदाने अशी ट्यूब दुकानातून परस्पर आणली. दोन दिवसांत खाज गेली, माणूस खूष. महिन्याने डाग पोटापर्यंत चढला आणि जांघेत कातडी पातळ होऊन पांढरे पट्टे पडले. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होते. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावे दिसली तर ओळखावे. स्टेरॉइडने खाज व लाली दबते, बुरशी मात्र त्याच्या आडोशाने पसरत राहते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा औषधे असलेली मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

याचे परिणाम गावापुरते राहिलेले नाहीत. नेहमीच्या टर्बिनाफिन या गोळीला दाद न देणारी बुरशीची एक जात आपल्या देशात फार पसरली आहे. २०२० साली शास्त्रज्ञांनी तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. आपल्या देशाचे नाव एका नायट्याला मिळाले, यात अभिमान कसला! २०२३ साली अमेरिकेत न्यूयॉर्कमध्येही ही बुरशी दोन बायकांच्या अंगावर आढळली. म्हणून पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारा नायटा आता महिना-दोन महिने औषध मागतो. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवावे. अर्धवट सोडलेला नायटा नव्या हंगामाबरोबर परत येतो.

एकाच्या अंगावर नायटा असेल तर घरातल्या सगळ्यांची अंगे तपासावीत. वडी आणि पंचा ज्याचा त्याचा वेगळा हवा. कपडे कढत पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवावेत. उपचार चालू असेपर्यंत करदोडा काढून ठेवावा. देवाधर्माची अडचण असेल तर निदान नवा बांधावा व रोज कोरडा करावा. गोठ्यातही एक फेरी मारा. वासराच्या डोळ्यांभोवती, तोंडाभोवती केस जाऊन राखाडी खपल्या धरल्या असतील तर तोही नायटाच आहे आणि तो माणसाला लागतो. आणि कोणाला वरचेवर बुरशी होत असेल तर त्याने रक्तातली साखर तपासून घ्यावी. साखर कारखान्याच्या पत्रकात हे लिहिताना आम्हालाही हसू आले, पण मधुमेहात बुरशी हटत नाही, हे खरे आहे.

एका डागाला मात्र साबण लावत बसून दिवस घालवू नये. फिकट किंवा लालसर चट्टा, खाज अजिबात नाही, आणि डोळे मिटून पिसाने किंवा कापसाने हात लावला तर कळत नाही, असे असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची तपासणी आणि बहुविध औषधोपचार मोफत आहेत. वेळीच घेतले तर माणूस हातापायाला काही न होता पूर्ण बरा होतो. टोळीतल्या कोणाच्या अंगावर असा चट्टा दिसला तर मुकादमांनी हंगाम संपायची वाट न पाहता त्याला केंद्रावर धाडावे, एक दिवसाची तोड बुडाली तरी चालेल.

डॉक्टरकडे जाताना आधी वापरलेली ट्यूब आणि साबणाचे वेष्टन खिशात घालून न्यावे. ‘पांढरी ट्यूब होती, लाल टोपणाची’ एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही.